मेथोट्रेक्सेट: आठवड्याची गोळी आठवड्यालाच

मेथोट्रेक्सेटच्या गोळीवरून होणारे घोळ ठरलेले आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी कुणी रोज घेतं. कुणी दुखणं थांबलं म्हणून सोडतं, तर कुणी पंधरा दिवसांत थांबलं नाही म्हणून सोडतं. वर्षभर रक्त तपासलेलं नसतं आणि तोंड आलं की तूप लावून वाट पाहिली जाते. गोळी तीच, डोसही बरोबर. बिघडतं ते दवाखाना ते घर या वाटेवर.

ज्यांना डॉक्टरांनी आमवातासाठी, म्हणजे ज्याला आपण ‘आर.ए.’ (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) म्हणतो त्यासाठी, ही गोळी लिहून दिली आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. डोस किती घ्यायचा ते डॉक्टर ठरवतील. ठरलेला डोस अंगावर न येता कसा घ्यायचा, एवढंच इथे क्रमाने दिलं आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात असू द्या. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते आणि ही गोळी तिला आवर घालते. ही वेदनाशामक गोळी नाही. दुखतंय म्हणून एक जास्त आणि दुखत नाही म्हणून एक कमी, हा हिशेब इथे चालत नाही.

टप्पा १: पहिली गोळी घेण्याआधी

आजार नक्की कोणता, हे आधी पक्कं करून घ्या. पावसाळ्यानंतर गावागावात चिकनगुनिया होऊन जातो आणि त्याचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहतात. सकाळी मूठ वळत नाही, मनगटं सुजतात, सगळं आमवातासारखंच दिसतं. रक्ताच्या तपासणीत नुसता आर.ए. फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात झाला असंही नाही. तो निरोगी माणसातही कधीकधी पॉझिटिव्ह येतो. लक्षणं, तपासणी आणि रिपोर्ट एकत्र पाहून निदान होतं. शक्य असेल तर निदान आणि पहिली चिठ्ठी संधिवाततज्ज्ञाकडून घ्या. पुढच्या महिन्यांची देखरेख जवळचे फिजिशियन करू शकतात.

सुरू करण्याआधी साधारण या तपासण्या होतात: रक्तातल्या पेशींची मोजणी म्हणजे सी.बी.सी., यकृतासाठी एस.जी.पी.टी. आणि एस.जी.ओ.टी., मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि छातीचा एक्स-रे. एक्स-रे कशाला, असं वाटतं खरं. पण आपल्याकडे टीबी लपून बसलेला असू शकतो आणि प्रतिकारशक्ती दाबली की तो डोकं वर काढू शकतो. शिवाय या गोळीने क्वचित फुफ्फुसाला सूज येते. तेव्हा आधीचा एक्स-रे हाताशी असला तर तुलना करता येते. ही फिल्म टाकून देऊ नका.

आता डॉक्टरांना काय सांगायचं. इथेच लोक हातचं राखून बोलतात.

पूर्वी कावीळ झाली होती का, घरात कुणाला टीबी होता का, किडनीचा त्रास आहे का, हे विचारायच्या आधी सांगा. दारू घेत असाल तर खरं सांगा. देशी, हातभट्टी, बिअर, सगळी दारूच. मेथोट्रेक्सेट आणि दारू दोघांचा भार यकृतावर पडतो. लग्न झालेल्या मुलीची किंवा सुनेची पाळी चुकली असेल, मूल हवं असेल किंवा अंगावर पीत असेल, तर ते सासूसमोर नव्हे, डॉक्टरांसमोर एकटीने बोलता येईल अशी सोय करा. गरोदरपणात ही गोळी बाळाला गंभीर व्यंग देऊ शकते, गर्भपातही होऊ शकतो. अंगावर पाजत असतानाही ती चालत नाही.

आणि ती पुडी. सांधेदुखीवर कुणाकडून तरी आणलेली बिनलेबलची पावडर, काळ्या गोळ्या, ‘एका इंजेक्शनात मोकळे’ करणारी सुई. दोन दिवसांत पळायला लावणाऱ्या अशा औषधात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. लाजू नका, पुडी खिशात घालून डॉक्टरांपुढे ठेवा. बरेच दिवस घेत असाल तर ती स्वतःहून एकदम बंदही करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर मंदावलेलं असतं आणि अचानक बंद केल्यावर चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं असे प्रकार होतात. हळूहळू कमी कसं करायचं ते डॉक्टर सांगतील.

गुळवेलीचा काढाही सांगा. गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. एकीकडे प्रतिकारशक्ती दाबायची गोळी आणि दुसरीकडे ती वाढवायला काढा, याला तसाही अर्थ नाही.

*तपासा:* सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये, तारखेप्रमाणे. मोबाईलमध्ये प्रत्येकाचा फोटो. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला किंवा लातूरला दाखवायला जाताना फाईल घरी राहिली, ही तक्रार रोजची आहे.

टप्पा २: वार ठरवा

डोस साधारण आठवड्याला ७.५ ते १५ मिलिग्रॅमपासून सुरू होतो आणि गरजेप्रमाणे २० किंवा २५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवला जातो. पूर्ण आठवड्याचा डोस एकाच दिवशी. तो वार डॉक्टरांसमोर बसूनच ठरवा आणि चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या: ‘दर बुधवारी’. नुसतं ‘आठ दिवसांची गोळी’ असं ऐकून उठू नका. त्याचा अर्थ घरी गेल्यावर कुणी ‘आठ दिवस रोज’ असा लावतं.

वार निवडताना दोन गोष्टी पाहा.

उपवासाचा वार नको. सोमवार, गुरुवार, शनिवार, ज्याचा जो असेल तो सोडा. रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि दिवसभर पाणी कमी गेलं असेल तर ते आणखी वाईट.

गावाच्या आठवडी बाजाराचा वार उत्तम. बाजार कुणी विसरत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही ‘बाजाराच्या रात्रीची गोळी’ हे पक्कं लक्षात राहतं. दुसऱ्या दिवशी अंग जड वाटण्याची शक्यता असते, म्हणून त्या दिवशी खुरपणी-वेचणीचं मोठं काम येणार नाही, असा वार मिळाला तर अजून बरं.

एकदा ठरलेला वार पाहुणे आले, लग्न आलं म्हणून हलवायचा नाही.

टप्पा ३: मेडिकलवर

हा टप्पा घाईत उरकला जातो आणि मोठे अपघात इथूनच सुरू होतात.

पहिला धोका नावांचा. फोलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट. फोल्वाइट म्हणजे फॉलिक ॲसिड, म्हणजे मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करायला दिलेलं जीवनसत्त्व. दोन्ही नावं ‘फोल’पासून सुरू होतात, दोन्ही गोळ्या लहान असतात आणि दोन्ही एकाच चिठ्ठीत असतात. फॉलिक ॲसिड आठवड्यातून एकदा आणि मेथोट्रेक्सेट रोज, अशी अदलाबदल झाली तर काही दिवसांतच रक्तातल्या पेशी खाली यायला लागतात आणि जीव जाऊ शकतो. कंपनी कोणतीही असो, स्ट्रिपवर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. ते दुकानदाराकडून वाचून घ्या आणि दोन्ही स्ट्रिप वेगवेगळ्या पाकिटात मागा.

दुसरा धोका ताकदीचा. मेथोट्रेक्सेट २.५, ५, ७.५, १० आणि १५ मिलिग्रॅममध्ये मिळते. समजा डॉक्टरांनी २.५ च्या ४ गोळ्या, म्हणजे १० मिलिग्रॅम सांगितले. पुढच्या महिन्यात दुकानात २.५ ची स्ट्रिप नव्हती, १० ची मिळाली, आणि घरी सवयीने ४ गोळ्या गेल्या. झाले ४० मिलिग्रॅम. म्हणून गोळ्यांची संख्या पाठ करू नका, मिलिग्रॅम पाठ करा. दर वेळी एकाच ताकदीची गोळी मागा. ती नसेल तर दोन दिवस थांबून मागवून घ्या. स्वस्तात हवी असेल तर जनऔषधी केंद्रात चौकशी करा, पण तिथेही मूळ नाव आणि ताकद जुळवूनच घ्या.

इंजेक्शन लिहून दिलं असेल तर कुपीवर मिलिग्रॅम किती आणि मिलिलिटर किती, हे दोन्ही आकडे नर्सकडून वाचून घ्या. ‘एक मिलि’ म्हणजे दर वेळी तेवढंच औषध असतं असं नाही.

*थांबा:* एका वेळी ४ आठवड्यांपेक्षा जास्त गोळ्या घरात ठेवू नका. चुकून रोज घेतली गेली तरी नुकसानाला हद्द राहते. गाव सोडून महिनोन्‌महिने राहणाऱ्यांना मात्र जास्त गोळ्या सोबत न्याव्याच लागतात. त्यांच्यासाठी टप्पा ८ पाहा.

टप्पा ४: घरातली मांडणी

मेथोट्रेक्सेट रोजच्या गोळ्यांसोबत ठेवायची नाही. बी.पी.ची, शुगरची, फॉलिक ॲसिडची, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची पिशवी वेगळी आणि ही डबी वेगळी. डबीवर जाड पेनाने फक्त वार लिहा. वाचता येत नसेल तर लाल दोरा बांधा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याच्या सुरुवातीलाच ते चार-पाच वार गोल करून ठेवा. गोळी घेतली की त्या गोलावर फुली. फुली आहे म्हणजे घेतली, नाही म्हणजे घेतली नाही. ‘घेतली असेल बहुतेक’ असं वाटत असेल आणि फुलीही नसेल, तर घेऊ नका. एक डोस हुकल्याने सांधे वाकडे होत नाहीत, दुप्पट डोस मात्र महागात पडतो.

घरातल्या एकाच माणसाकडे ही जबाबदारी द्या. सून देते, नातूही देतो आणि आजी स्वतःही घेते, हा प्रकार बंद करा. घरात कुणीच नसेल तर गावातल्या आशाताईंना वार सांगून ठेवा.

डबी लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या फळीवर नको, तिथे भट्टी होते. घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या कोपऱ्यात ठेवा. गोळी कुटू नका, चुरा करू नका. गरोदर बाईने तुटलेल्या गोळीला हात लावू नये.

टप्पा ५: गोळीचा दिवस

रात्री पोटभर जेवा, अर्ध्या-एक तासाने गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि झोपा. मळमळीचा बराचसा वेळ झोपेत निघून जातो. दिवसभर पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या.

फॉलिक ॲसिड मेथोट्रेक्सेटच्या दिवशी घ्यायचं नाही, असं डॉक्टर सहसा सांगतात. कुणाला आठवड्यातून एकदा ५ मिलिग्रॅम असतं, कुणाला तो एक वार सोडून रोज. चिठ्ठीत जे असेल ते. पण ‘ती नुसती ताकदीची गोळी आहे’ म्हणून पैसे वाचवायला ती बंद करू नका. तोंड येणं, मळमळ आणि यकृताचा त्रास तिच्यामुळेच आटोक्यात राहतो.

दुसऱ्या दिवशी थकवा, डोकं जड, जेवण नकोसं वाटणं हे पुष्कळांना होतं. ते दर आठवड्याला होत असेल तर गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. डोस त्याच दिवशी काही तासांच्या अंतराने दोन भागांत घेणं, फॉलिक ॲसिड वाढवणं किंवा त्वचेखालचं इंजेक्शन, असे मार्ग असतात. मात्र डोसचे भाग डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नका. ‘दोन भागांत’ याचं ‘दोन दिवशी’ आणि मग ‘रोज थोडी’ व्हायला वेळ लागत नाही.

डोस विसरला तर? दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्या आणि पुढचा डोस नेहमीच्या वारीच घ्या. दोन दिवस उलटून गेले असतील तर तो आठवडा सोडा. राहिलेली गोळी पुढच्या आठवड्यात मिळवून दुप्पट घ्यायची नाही.

टप्पा ६: पहिले तीन महिने

फरक पडायला ६ ते १२ आठवडे लागतात. हे आधी सांगितलं नाही तर माणूस तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, तिथे वेदनाशामक इंजेक्शनाने लगेच बरं वाटतं आणि मूळ औषध सुटतं. तोवर आतला सांधा झिजतच असतो.

मधल्या काळासाठी डॉक्टर थोडं स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळी देतात. ती तेवढ्यापुरतीच असते. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक आणून रोज घेऊ नका. या गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो, आणि मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडते ती मूत्रपिंडातूनच. वाट अडली की साधा डोसही अंगात साठतो. वय झालेल्या आणि उन्हात राबणाऱ्या माणसाला हा धोका जास्त. तात्पुरत्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालेल का, हे आधीच विचारून ठेवा.

तंबाखू, विडी, मिश्री सोडण्याची वेळही हीच. धूम्रपानाने आमवात चिघळतो आणि औषधाचा गुण कमी येतो. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती टप्पा ७ नंतरच्या इशाऱ्यात येते.

टप्पा ७: रक्ततपासणी, आणि ती कोणत्या वारी

सी.बी.सी., एस.जी.पी.टी. आणि क्रिएटिनिन या तीन तपासण्या पहिले तीन महिने दर २ ते ४ आठवड्यांनी लागतात. पुढचे तीन महिने दर ८ ते १२ आठवड्यांनी आणि त्यानंतर औषध चालू असेपर्यंत दर १२ आठवड्यांनी. डोस वाढवला की परत जवळजवळ. ‘काही त्रासच नाही, मग कशाला पैसे घालायचे’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण यकृत आणि रक्तपेशी बिघडताना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. सरकारी रुग्णालयात या तिन्ही तपासण्या होतात का, ते आधी विचारून घ्या.

रक्त कधी द्यायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. गोळी घेतल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत यकृताचे आकडे तात्पुरते वर जातात. त्या दिवशी रक्त दिलं तर रिपोर्ट विनाकारण खराब दिसतो आणि औषध विनाकारण थांबतं. म्हणून पुढच्या डोसच्या एक-दोन दिवस आधी रक्त द्या. बुधवारची गोळी असेल तर सोमवारी किंवा मंगळवारी. रिपोर्ट बुधवारच्या आधी हातात येतो आणि गोळी घ्यायची की नाही हे ठरवता येतं.

रिपोर्ट पाकिटात घालून ठेवण्यासाठी नसतो. पांढऱ्या पेशी ३,५०० च्या खाली, प्लेटलेट १,४०,००० च्या खाली, एस.जी.पी.टी. १०० च्या वर, किंवा क्रिएटिनिन मागच्या वेळेपेक्षा बरंच वाढलेलं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना फोटो पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पुढचा डोस घेऊ नका. एकेक आकडा सुटा पाहण्यापेक्षा तीन-चार रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. पांढऱ्या पेशी ७,००० वरून ५,५०० आणि मग ४,२०० झाल्या असतील, तर प्रत्येक रिपोर्ट ‘नॉर्मल’ असूनही उतरण चालू आहे.

*इशारा: या खुणा दिसल्या तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.*

तोंडात किंवा घशात फोड, गिळताना आग. आपल्याकडे तोंड येणं ही किरकोळ गोष्ट मानतात. मिरची जास्त झाली, उष्णता झाली, मिश्रीने झालं, असं म्हणून आठवडा जातो. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या माणसाचं तोंड आलं तर ते अंगात औषध जास्त झाल्याचं पहिलं लक्षण असू शकतं. आधी सी.बी.सी., मग तूप.

१०० च्या वर ताप, थंडी वाजणं. कोरडा खोकला आणि चालताना दम लागणं, विशेषतः नवा. अंगावर आपोआप निळे-काळे डाग, हिरड्यांतून रक्त. डोळे पिवळे, लघवी गडद. थांबत नसलेल्या उलट्या-जुलाब.

गोळी चुकून दोन-तीन दिवस सलग घेतली गेली, असं लक्षात आलं तर लक्षणांची वाट पाहायची नाही. आज बरं वाटतं आणि पेशी आठवड्याभराने कोसळतात, असं होतं. सगळ्या स्ट्रिप सोबत घेऊन थेट जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. पहिलं वाक्य हेच बोला: ‘आठवड्याची मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली.’ यावर फॉलिनिक ॲसिड नावाचं वेगळं औषध द्यावं लागतं आणि ते जितक्या लवकर मिळेल तितकं बरं. घरातल्या फॉलिक ॲसिडच्या मूठभर गोळ्यांनी ते काम होत नाही.

टप्पा ८: आजारपण, ऊन, उपास आणि ऊसतोड

नियम असा: अंगातलं पाणी कमी झालेलं असेल किंवा जंतुसंसर्ग झालेला असेल, तर त्या आठवड्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, टँकरचं पाणी असतं, लग्नातलं जेवण असतं. जुलाब लागले की क्रिएटिनिन वाढतं आणि गोळी अंगात साठते. मीठ-साखरेचं पाणी किंवा ओ.आर.एस. सुरू करा, गोळी थांबवा, फोन करा. पूर्ण बरे झालात, अँटिबायोटिकचा कोर्स संपला, की पुढच्या ठरलेल्या वारी परत सुरू.

जुलाबाला किंवा लघवीच्या जळजळीला को-ट्रायमोक्साझोल नावाची गोळी दिली जाते. त्यातल्या ट्रायमिथोप्रिमचं मेथोट्रेक्सेटशी वैर आहे. दोन्ही एकत्र गेल्या तर रक्तपेशी धोकादायक रीतीने खाली येतात. कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्या किंवा पायात काटा मोडला म्हणून गेलात तरी, ‘मी मेथोट्रेक्सेट घेतो’ हे आधी सांगा. आधार कार्डाच्या मागे एक चिठ्ठी ठेवली तर बेशुद्ध असतानाही ती बोलते.

घरात कुणाला कांजिण्या झाल्या किंवा स्वतःला नागीण उठली तरी डॉक्टरांना लगेच कळवा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी चालतात, घ्याव्यातच. जिवंत जंतूंच्या लसी मात्र विचारल्याशिवाय नको.

रोज्यांच्या महिन्यात गोळी इफ्तार आणि जेवणानंतर घ्या. इफ्तार ते सहरी भरपूर पाणी प्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर रोजे धरण्याआधी डॉक्टरांशी बोला. नवरात्रात किंवा एकादशीला ठरलेला वार आला तर फराळ करून, पण निर्जळी असेल तर ती सोडूनच. पैठणहून पायी वारीला निघालात तर गोळ्या गळ्यातल्या पिशवीत ठेवा आणि वार सोबतच्या एकाला सांगा. दिंडीत वारांचा हिशेब राहत नाही.

आणि कोयता, म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या सुमाराला बीड, धाराशिव, जालन्याकडची माणसं कारखान्याला जातात ती मार्च-एप्रिलला परततात. औषध घेणाऱ्यांची देखरेख नेमकी या सहा महिन्यांत तुटते. निघण्यापूर्वी रक्ततपासणी करा. डॉक्टरांकडून चिठ्ठीची नवी प्रत घ्या, तीवर मूळ नाव, मिलिग्रॅम आणि वार स्पष्ट लिहिलेले असू द्या. गोळ्या प्रत्येक महिन्याच्या वेगळ्या पाकिटात बांधून न्या, आणि एका वेळी एकच पाकीट उघडा. कारखान्याजवळच्या तालुक्याच्या गावात तपासणी कुठे होते हे पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवा. मोळी डोक्यावर घेऊन दिवसभर उन्हात राबल्यावर पाणी पुरेसं जात नाही, म्हणून डोसच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बाटली कमरेला हवीच. मुकादमाला आजार सांगायचा नसेल तर सांगू नका, पण टोळीतल्या एका जवळच्या माणसाला धोक्याच्या खुणा ठाऊक असू द्या.

टप्पा ९: मूल हवं असेल तेव्हा

औषध चालू असताना बाईने खात्रीचं गर्भनिरोधक वापरायलाच हवं. मूल हवं असेल तर किमान १ ते ३ महिने आधी, डॉक्टर सांगतील तितके, मेथोट्रेक्सेट बंद करावं लागतं. त्या काळात गरोदरपणात चालणारी दुसरी औषधं देता येतात. सांधे वाऱ्यावर सोडायचे नाहीत. लेफ्लुनोमाइड हे आमवाताचं दुसरं औषध घेत असाल तर ते अंगातून काढण्यासाठी वेगळे उपचार लागतात, म्हणून ते आणखी आधी सांगा. चुकून दिवस गेले तर गोळी त्याच क्षणी बंद आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे. घरगुती उपायाने ‘मोकळं’ करायला जाऊ नका.

पुरुषांसाठी नियम सध्या सैल झाले आहेत. बऱ्याच तज्ज्ञांच्या मते बाप होण्यासाठी ही गोळी बंद करणं गरजेचं नाही. पाकिटातल्या पत्रकात मात्र वेगळं लिहिलेलं असतं, म्हणून डॉक्टरांना विचारून ठरवा.

टप्पा १०: बरं वाटायला लागल्यावर

सकाळी मूठ वळते, चूल-भाकरी जमते, कुदळ धरता येते; तेव्हाच गोळी सोडायचा मोह होतो. एकदम सोडली तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सूज परत येते. सांधे बराच काळ शांत राहिले तर डॉक्टर डोस पायरीपायरीने कमी करतात, आणि प्रत्येक पायरीनंतर सांधे आणि रक्त दोन्ही पाहतात.

उलट, पूर्ण डोस घेऊन तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर त्याच गोळीला चिकटून राहू नका. दुसरी गोळी जोडणं, टोफॅसिटिनिब किंवा बायोलॉजिक इंजेक्शन, हे पुढचे पर्याय आहेत. त्याआधी टीबीची तपासणी जास्त काटेकोर लागते.

डोस बदलला की जुन्या ताकदीच्या उरलेल्या गोळ्या त्याच दिवशी घरातून बाहेर काढा. मेडिकलवाल्याला किंवा रुग्णालयात परत देऊन विचारा. उकिरड्यावर टाकू नका, शेरडं-कोंबड्या उकरतात. आणि शेजारणीचे गुडघे दुखतात म्हणून तिला दोन गोळ्या काढून देऊ नका. तिचं दुखणं झिजेचं असेल, तिच्या पोटात मूल असेल किंवा तिची किडनी कमजोर असेल. तुमच्या चिठ्ठीवर तिच्याविषयी काहीच लिहिलेलं नसतं.